डोंगरावरची दारू अन् तुझी टीनाबाई

साकोली,
शिमग्याच्या आधीचा गुरुवार

सौ. करुणाबाई यांसी,

पंचफुलाचा नमस्कार. (तू माझी लहान नणंद, तुले मी आजवर नुसतं 'करुणा'च म्हटलं. पण आता तू लेकाकडं राहायले जाऊन नाशिकची झाली, अन् नाशिकच्या माणसाले एकदम एकेरीत लिहावं की नाही हे मले माहीत नाही. म्हणून वरच्या ओळीपुरता मान दिला आहे. तो पुरवून वापर.) इकडं सर्व खुशाल. उन्हाळी धानाचे रोवणे आटोपले, लग्नसराईमुळं दुकानात कोशाच्या रेशमी साड्यांचं गिऱ्हाईक बरं आहे. तुझ्या दादाचे गुडघे दुखतात म्हणतात, पण दिवसभर गादीवर बसून असलेल्या माणसाचे गुडघे कायनं दुखतात हे मले समजत नाही. तुझी, आमच्या जावयांची, योगेंद्रची अन् सूनबाईची खुशाली कळव. टीनाबाईची कळवू नको. ती खुशालच असते.

फोन सोडून पत्र काहून लिहून राहिली, असं तुले वाटलं असेल. कारण असं आहे की तुले फोन केला की मागून तिचा आवाज येते. सकाळी केला तर तुम्ही दोघी फिरायले निघाल्या असता, दुपारी केला तर भाजी आणायले, अन् संध्याकाळी केला तर तू म्हणते, "वहिनी, थांब, स्पीकरवर टाकते, टीनापण आहे." माणसानं मनातली गोठ स्पीकरवर कशी बोलावी? पत्र निदान एकटीनं वाचता येते. हे एकटीनंच वाच.

तुझ्या घरी नाशिकले आली त्याच दिवसापासून सांगते. भंडारा रोड स्टेशनवरून गाडीत बसली तेव्हापासून मी मनात बोलायच्या गोष्टी जमा करून ठेवल्या होत्या. तू स्टेशनवर घ्यायले आली, बरं वाटलं. पण तुझ्या मागं एक बाई उभी होती, आखूड केस, काळा चष्मा, पायात पोट्ट्यांसारखे पांढरे बूट. मले वाटलं तिकीट तपासणारी आहे, म्हणून मी पदराची गाठ सोडून तिले तिकीट दाखवलं. (तुम्ही दोघी तेव्हा जे हसल्या, ते मी विसरली नाही.) तर ती तुझ्या वरच्या मजल्यावरची टीनाबाई निघाली. साठीची बाई अन् नाव टीना. तिनं माझी पिशवी हातातून घेतली अन् म्हणाली, "तुम्हीच वहिनी ना? फार ऐकलंय तुमच्याबद्दल." असं तर सर्वच म्हणतात. मी लक्ष दिलं नाही.

जेवताना तू सांगितलं की उद्या डोंगरात वायनरी पाहायले जायचं आहे, टीनाबाईनं आधीच बुकिंग केलं आहे, छोटाच ग्रुप आहे. मले वाटलं द्राक्षाचा मळा असेल. म्हणून मी पहाटे उठून सूनबाईच्या स्वयंपाकघरात लाखोरीचे वडे तळले. डाळ साकोलीहून नेली होती, कारण नाशकात ती भेटत नाही अन् वडे तुझ्या जिवाचे आहेत. तुझ्या लग्नात पंगत उठल्यावर तू शालू नेसून स्वयंपाकघरात येऊन उभ्यानं वडे खाल्ले होते, हे मले आठवते. तुले आठवते का, ते मी विचारणार नाही.

गाडी आली. एक नवं जोडपं होतं, ते एकमेकांचे हात धरून होते, म्हणून त्यांले द्राक्षाचं काही घेणंदेणं नव्हतं. एक रिटायर्ड गृहस्थ होते, ते दिवसभर कोणाशीच बोलले नाही. मले त्या गाडीत तेच सर्वात बरे वाटले. मधल्या सीटवर तू बसली, तुझ्या बाजूले टीनाबाई बसली, अन् तू मागं वळून म्हणाली, "वहिनी, तू मागं आरामात बस, पाय लांब कर." करुणा, तिथं पाय लांब करायले जागा नव्हती. तिथं पाण्याचा खोका होता, छत्र्या होत्या अन् गृहस्थांची बॅग होती. मी पाय पोटाशी घेऊन बसली अन् घाट चढेपर्यंत तुम्हां दोघींच्या मानेकडं पाहत राहिली. तुझी मान दर वळणाले तिच्या खांद्याकडं जात होती. घाटाचा गुण असेल. पण उतारावर ती परत इकडं येत नव्हती, हेही मी पाहिलं.

पहिल्या ठिकाणी अंजू नावाची एक पोट्टी आम्हांले माहिती द्यायले आली. गोड पोट्टी होती, तिच्यावर माझा राग नाही. तिनं स्टीलच्या उंच टाक्या दाखवल्या, थंड तळघरात लाकडाची पिंपं दाखवली, अन् मंग एका लांब टेबलाशी बसवून सर्वांच्या पुढं काचेचे पेले ठेवले. त्यात इतकी थोडी ओतली, की आपल्याकडं देवळात तीर्थ याहून जास्त भेटते. वास घेतल्यावर मले कळलं की ही दारू आहे. मी तुझ्याकडं पाहिलं. मले वाटलं, आता ही डोळे मोठे करील अन् आम्ही दोघी उठून बाहेर जाऊ. जी करुणा खोकल्याचं औषध घेताना आईंले विचारत होती, ती पेल्याची दांडी धरून गोल गोल फिरवून राहिली होती! तेही चुकीचं धरलं होतं म्हणून टीनाबाईनं तुझी बोटं धरून नीट केली. एक एक बोट. मले गाठी मारायले, कोशाचा धागा सोडायले शिकवणारी तू, अन् तुझी बोटं दुसरंच कोणी नीट करून राहिलं होतं.

मंग अंजूनं विचारलं की कशाकशाचा वास येतो ते सांगा. टीनाबाई डोळे मिटून म्हणाली, "मला पेरू जाणवतोय, आणि मागे थोडी लिंबाची साल." अंजू खूश झाली. मंग तुले विचारलं, तर तू म्हणाली, "मला पण पेरूच."

पेरूचं मी काही म्हणत नाही. येत असेल पेरूचा वास. पण तू 'मला' म्हणाली. जन्मभर 'मले' म्हणणारी बाई तू. 'मले भूक लागली', 'मले झोप येते', 'मले वहिनीजवळ झोपायचं आहे' असं म्हणत तू शाळेत असताना माझ्या खोलीत येऊन पडत होती, अन् मी नवी नवरी, माझ्या नवऱ्याले ओसरीत झोपावं लागत होतं. तो 'मले' तू कुठं ठेवून आली? नाशिकच्या स्टेशनवर?

मंग मले विचारलं. मी सरळ सांगितलं, "मले दारूचा वास येते." सर्व हसले. गृहस्थही हसले. सर्वांत जास्त टीनाबाई हसली अन् म्हणाली की हेच खरं आहे. तिनं नाव ठेवलं असतं तर मले सोपं गेलं असतं. ही बाई नाव ठेवायची संधीच देत नाही, हा तिचा सर्वांत मोठा दुर्गुण आहे.

नको असेल तर तोंडातली थुंकायले तिथं एक भांडं ठेवलं होतं. मी थुंकली नाही. टेबलाशी बसून थुंकायचे संस्कार माझ्यावर नाहीत, म्हणून मी पांढरी प्याली, गुलाबी प्याली अन् लाल पण प्याली. (तुझ्या दादाले हे सांगशील तर याद राख. त्यांले मी द्राक्षाचा कारखाना पाहिला असं सांगितलं आहे, अन् ते खोटं नाही.) चीजची ताटली आली तेव्हा त्यावर निळी बुरशी होती. आपल्या घरात तसा तुकडा निघाला असता तर आईंनी मले भेटेल त्या गाडीनं माहेरी पाठवलं असतं. तुले तर खरवसाच्या वासानंही मळमळते. पण टीनाबाईनं काडीले टोचून तो तुकडा तुझ्या तोंडापुढं धरला, अन् तू तोंड उघडलं. मी वड्याचा डबा काढायले गेली, तर अंजू हळूच म्हणाली की बाहेरचं खाणं इथं चालत नाही. मी डबा पिशवीत ठेवला. तू पाहिलंही नाही.

दुसरी जागा आणखी वर होती. तिथं सर्व लोकं ओट्यावर फोटो काढायले गेले. (तो फोटो तू पाठवला, त्यात तुम्ही दोघी छान आल्या आहा. डाव्या बाजूले जो कोपर दिसते तो माझा आहे.) मी डबा घेतला अन् वेलींच्या दोन ओळींच्या मधात खाली जाऊन बसली. ऊन चांगलं होतं, अन् वेली जागच्या जागी थोड्या चालून राहिल्या होत्या. मी ठरवलं होतं की करुणा मले शोधायले येईल. पहिल्या हाकेले ओ द्यायची नाही, दुसरीले द्यायची. बऱ्याच वेळानं हाक आली, "वहिनी!" आवाज टीनाबाईचा होता. तू गाडीत घोरून राहिली होती.

ती मले हाताले धरून वर घेऊन आली, जसं काही मले चढली होती. मले चढली नव्हती, वाट वाकडी होती. तू जागी झाली अन् विचारलं, "वहिनी, वडे आणले होते ना?" मी म्हटलं, मातीत पडले. तू "असू दे" म्हणाली अन् पुन्हा झोपली.

असो. माझ्या मनात काही नाही. माणूस जिथं राहते तिथं त्याले कोणीतरी लागतेच, तुझे दादाही तेच म्हणतात, अन् ते बरोबर बोलतात तेव्हा मले जास्त राग येते. तुझ्या इथल्या घराची किल्ली माझ्याजवळ आहे, झाडलोट करून घेते. जावयांले नमस्कार, योगेंद्रले आशीर्वाद, अन् तुले जे उरलं असेल ते.

तुझी (एकेकाळची) वहिनी,
पंचफुला

ता.क. वडे मातीत पडले नव्हते. टीनाबाई वेलींमध्ये आली ती तिथंच मातीत बसली, पांढरी पँट घालून. मी म्हटलं, कपडे खराब होतील. ती म्हणाली, "होऊ देत. वहिनी, खरं सांगू? मी वर्षभर तुमच्यावर चिडलेली आहे." मी विचारलं, माझ्यावर काहून? तर म्हणे, "फिरायला गेलं की वहिनी असं म्हणते, साडी घ्यायला गेलं की वहिनीला विचारते. मी हौसेनं पुरणपोळी केली, तर म्हणाली वहिनीची याहून पातळ असते. आमचे हे गेल्यावर मला एक मैत्रीण मिळाली, तर आमच्या दोघींत कायम तुम्ही बसलेल्या. आज सकाळी मुद्दामच मी तिच्या शेजारची जागा धरली." मी डबा उघडून तिच्यापुढं ठेवला. मले वाटलं आता तरी नाक मुरडेल. तिनं मुरडलं नाही, खातच राहिली. शेवटचे दोन उरले तेव्हा म्हणाली, "करुणासाठी ठेवायचे का?" मी म्हटलं, "खाऊन टाका." मंग एक तिनं खाल्ला, एक मी. मातीत पडले असं सांगायचं, हे तिनंच सुचवलं.

ता.क. दुसरा. तुले दुपारी झोपायची सवय आहे. तू झोपली की टीनाबाई मले फोन करते. रोजच करते म्हण. होळी झाली की ती साकोलीले राहायले येणार आहे, आठ दिवस. मोहाची फुलं वेचताना पाहायचं आहे म्हणे, अन् नागझिऱ्याच्या जंगलात जायचं आहे. ती म्हणाली, करुणाला सांगू नका, तिला वाईट वाटेल. म्हणून मी तुले सांगून राहिली आहे. वाटू दे वाईट. मलेही वाटलं होतं.

ता.क. शेवटचा. फोनवर आम्ही दोघी बोलतो काय, तर तुझ्याबद्दलच बोलतो. आमच्याजवळ दुसरा विषयच नाही. परवा ती बोलता बोलता म्हणाली की करुणा बिनसाखरेचा चहा पिते, तिला गोड चहा कधीच आवडला नाही. मी हो हो म्हटलं, जसं काही मले माहीतच होतं. फोन ठेवल्यावर मी गॅससमोर उभीच राहिली. तू लग्न होऊन गल्लीपलीकडं गेली तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्या घरी चहा पीत होती, अन् मी तुझ्या कपात माझ्याहून एक चमचा जास्त टाकत होती, लाडाची म्हणून. तू एकदाही बोलली नाही, अन् हे मले वरच्या मजल्यावरच्या बाईनं सांगावं? मी तिच्यासोबत आठ दिवस एकटी काढू शकत नाही. ती तुझ्याबद्दल आणखी काय काय सांगेल याचा मले भरवसा नाही. तू ये. तिच्या आधी दोन दिवस ये. चहा तू सांगशील तसा करते, पण मले जे सांगायचं ते तू स्वतःच्या तोंडानं सांग.