साबणाचा दाखला

फ्लेन्सबुर्ग, १२ मार्च १९४७

ती. गेशेताईस, विबकेचा सा. न. वि. वि.

आमचे अ‍ॅडमिरल हाल्केन्बर्गसाहेब इंग्रजांच्या छावणीतून सुटून आले. आता ‘माणूस भला आहे’ असं चारचौघांकडून लिहून आणून, लढाईत कोण कसा वागला ते तपासणाऱ्या चौकशी समितीला द्यायचंय. सगळे त्याला साबणाचा दाखला म्हणतात; डाग निघतात म्हणून. पाद्रीबाबांचा मिळाला. बाईसाहेब म्हणतात, एक गरिबाघरचा हवा. तू पंचवीस वर्षं त्यांचे कपडे धुतलेस. दाखला नाही तर पेन्शन नाही, आणि पेन्शन नाही तर स्वयंपाकीण कशाला ठेवतील? माझी खोलीही जाईल. तुझा हेन्निंग गेल्याचं दुःख मला का नाही? मावशी आहे मी त्याची. पण झालं ते विसर, ताई. दोन ओळी लिही.

तुझी माया आहेच, ती या कामातही दिसू दे.

विबके

कील, १९ मार्च १९४७

चि. विबकेस, आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

विसर म्हणतेस? रश्श्यात मीठ तू विसरतेस. मी पोटचं पोर विसरू?

दाखला लिहिला. तुझ्या बाईसाहेबांकडे नाही, थेट समितीकडे धाडला. नक्कल वाच:

“मी कपडे धुते. साहेबांच्या बाहीला एकच सोनेरी पट्टी होती तेव्हापासून ओळखते. पट्टी वाढली की कॉलरचं माप वाढायचं. लढाईत कीलमध्ये सगळ्यांच्या माना बारीक झाल्या, साहेबांची नाही. माणूस टापटिपीचा. काम अर्धं टाकत नाही. आठ मे पंचेचाळीसला लढाई संपली. माझा हेन्निंग, वय एकोणीस, जहाज सोडून पायी घरी निघाला. पकडला. त्याला गोळी घालायच्या कागदावर साहेबांनी दहा तारखेला सही केली. लढाई संपून दोन दिवस झाले होते, तरी सही राहू दिली नाही. सोबत हेन्निंगचा सदरा जोडलाय. मी तो धुतलेला नाही.”

तुझी खाट इस्त्रीच्या खोलीत मांडलीय. रडत बसू नकोस.

राग आहे तितकीच माया आहे.

गेशे

फ्लेन्सबुर्ग, ७ एप्रिल १९४७

ती. ताईस, सा. न. वि. वि.

समितीत तुझा दाखला मोठ्यानं वाचला. मी मागच्या बाकावर होते. साहेब म्हणाले, धोबिणीला आरमाराचा कायदा काय कळतो! मग अध्यक्षांनी सदरा उलगडला. पेन्शन बंद.

बाईसाहेबांनी मला आजच निघायला सांगितलं, पण साहेबांचं जेवण करून जा म्हणे. केलं. या वेळी रश्श्यात मीठ विसरले नाही, ताई. अख्खा डबा ओतला.

संध्याकाळच्या गाडीनं येते. माया तोवर गरम ठेव.

विबके