खळीचा कोट न धुता परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. अन्न तपासणी अधिकारी,
अन्न तपासणी कार्यालय, दुसरा मजला,
जिन्यालगतची खोली (जिचे कुलूप मीच बसवून दिले आहे).

विषय : माझ्या सर्व तक्रारी मागे घेणे, व पत्नीचा जप्त केलेला कोट न धुता, न झटकता परत मिळणे.

संदर्भ : १) दूध, अंडी, मध, मीठ आणि नळाचे पाणी यांच्याविरुद्धचे माझे अर्ज. २) आपल्या निरीक्षकबाईंनी दिलेली जप्तीची पावती.

महोदय,

खाली सही करणारा मी, धंद्याने कुलूप दुरुस्त करणारा, विधुर, आपणास पुढीलप्रमाणे कळवतो.

१. माझी पत्नी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. कोणत्या अन्नात काय आहे ते रंगावरून ओळखण्याचे प्रयोग तीच मांडून देई. आयोडीनचा थेंब टाकल्यावर पदार्थ निळाकाळा झाला तर त्यात पिष्ट आहे, आणि मोरचूद व कॉस्टिक सोडा घातल्यावर जांभळा झाला तर प्रथिने आहेत, हे मला तिच्यामुळे ठाऊक. घरीसुद्धा माझ्या ताटातल्या बटाट्यावर ती थेंब टाकी आणि म्हणे, "बघा, कसा लाजला!" मी म्हणे, "अगं बाई, जेवू दे की." मागच्या थंडीत ती वारली. तिची आयोडीनची बाटली, ड्रॉपर, काचनळ्या आणि पांढरा कोट घरी राहिले. मोरचुदाला मी हात लावला नाही, कारण कॉस्टिकबाबत तिने दम देऊन ठेवला होता.

२. ती गेल्यानंतर मला कशाचीच चव लागेना. दूध पाण्यासारखे, मध कागदासारखा, मीठ तर मीठच वाटेना. माझ्या जिभेला काही झाले असेल हे डोक्यात आले नाही. मला वाटले, सगळीकडे भेसळ सुरू आहे. म्हणून तिची बाटली उघडली आणि तपासणी हाती घेतली.

३. दूध निळे झाले. मी आपल्याकडे अर्ज केला. अंडे निळे झाले, अर्ज केला. मध निळा झाला. मीठ निळे झाले तेव्हा मात्र मी खुर्चीवर बसूनच घेतले. दूधवाला म्हणाला, "काका, आता म्हशीचाच जबाब घ्या." अंडेवाल्या मावशी म्हणाल्या, "कोंबडीच्या पोटात शिरून पीठ भरते होय मी?" माझी मेहुणी डब्यात सूप घेऊन आली, तेही तिच्यादेखत निळे झाले. ती म्हणाली, "दाजी, ताईनं चारचौघांत मला कधी नावं ठेवली नाहीत, आणि तुम्ही नळीत घालून ठेवलीत!" आणि डबा तसाच ठेवून गेली.

४. साऱ्या बाजारात फक्त लिंबू निळे झाले नाही. थेंब पडला की रंगच नाहीसा! माझे मन भरून आले. एक तरी माणूस प्रामाणिक आहे, असे म्हणून मी लिंबूवालीला माझ्या सहीचे प्रशस्तिपत्र दिले. तिने ते गाडीवर टांगले. त्यानंतर बाजारात जी भांडणे झाली त्यांची माहिती आपणास आहेच.

५. आपल्या कार्यालयाने घेतलेले सर्व नमुने शुद्ध निघाले. तेव्हा निरीक्षकबाई माझ्या घरी आल्या. मागोमाग दूधवाला, मावशी आणि मेहुणीही आल्या. बाई म्हणाल्या, "माझ्यासमोर करून दाखवा." मी नळी धुतली, पुसली, त्यात नळाचे पाणी घेतले, थेंब टाकला. निळे! मी म्हणालो, "बघा, पाण्यातही पीठ!" बाई पाण्याकडे बघेचनात. त्या म्हणाल्या, "नळी कशानं पुसलीत?"

६. महोदय, नळी मी कोटाने पुसली होती. कोट स्वयंपाकघराच्या दारामागे असे. त्याच्या पट्ट्याचे टोक पिळले की नळीत बरोबर बसते. धुतल्यावर पुसायचे, एवढे मी पत्नीला करताना पाहिले होते. कशाने, ते पाहिले नव्हते. आणि त्या कोटाला ती खळ घालत असे. साधी नव्हे. तांदळाची, घट्ट. कोट जमिनीवर ठेवला तर उभा राही. ती शाळेतून आली की आधी कोट दारात येई, मग ती. तांदळाची खळ म्हणजे निव्वळ पिष्ट. बाईंनी पट्ट्यावर थेंब टाकला तर तो शाईसारखा काळा झाला.

७. मेहुणी म्हणाली, "अहो दाजी! ताईच्या कोटानं?" आणि भिंतीला धरून हसत खाली बसली. मग दूधवाला हसला, मावशी हसल्या, आणि बाईंनी पावतीपुस्तक तोंडापुढे धरले. लिंबातले जीवनसत्त्व आयोडीनचा रंग खाऊन टाकते, त्यात लिंबूवालीच्या सचोटीचा संबंध नाही, हेही बाईंनी तेव्हाच सांगितले. मग मीही हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा. बाजारभर मी जे निळे केले ते सगळे तिचे होते. दुधात ती, मधात ती, मिठात ती, आणि मी तिच्याविरुद्ध आपल्याकडे अर्जावर अर्ज करत होतो! सगळे गेल्यावर मेहुणीने त्या दिवशी पुन्हा आणलेले सूप गरम करून प्यायलो. मीठ जास्त होते. मला कळले, महोदय. मीठ जास्त होते!

८. मात्र बाईंनी कोट पुरावा म्हणून पिशवीत सील करून नेला. पावतीवर छापले आहे की जप्त वस्त्र "धुऊन व निर्जंतुक करून" परत केले जाईल. नियम चांगला असेल. पण तसली खळ मला करता येत नाही. पाणी किती, तांदूळ किती, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. त्या कोटात आहे तेवढीच शिल्लक आहे. धुतला की तो इतर कोटांसारखा खाली पडेल.

९. तरी माझ्या सर्व तक्रारी रद्द समजाव्यात. दूधवाला, मावशी, मध, मीठ आणि पाणीपुरवठा खाते यांची मी माफी मागतो. दंड करायचा तर मला करावा. फक्त कोटाला पाणी लावू नये. पट्ट्यावरचा काळा डागही लिंबाने काढू नये, तो असू द्यावा. घडी घालण्याची तसदी घेऊ नये. कोट पिशवीबाहेर काढून जमिनीवर ठेवावा, म्हणजे उभा राहील. मी जिन्यातून वर येईन तेव्हा तो मला दारातूनच दिसेल.

आपला नम्र आणि यापुढे कोणाविषयीही तक्रार नसलेला,
(सही)
कुलूपवाला

दिनांक : सोमवार, दुकान बंद ठेवून

सोबत :
१) जप्तीची मूळ पावती.
२) बिनखळीचे मऊ फडके, आपल्या प्रयोगशाळेच्या उपयोगासाठी.
३) लिंबे. लिंबूवालीने दिली आहेत. प्रशस्तिपत्र परत द्यायला ती तयार नाही.