फाळक्यांचा ट्रेलर प्रियदर्शिनीस

मी, मालनबाई प्रतापराव बिरादार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कडबा व गवत विक्री, राहणार मलकपेठ, हैदराबाद, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायचा प्रयत्न झाला होता, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

चिक्कडपल्लीचे वकील विनय देशपांडे यांनी मला नमुना दिला होता. तो पाऊण पानाचा होता. मी म्हटले, "वकीलसाहेब, एवढ्यात माझे भागणार नाही." ते म्हणाले, "वहिनी, कारणं लिहिली की भांडणाला तोंड फुटतं." मी म्हटले, कारणे लिहिली नाहीत तर ती माझे धाकटे दीर नामदेवभाऊजी सांगतील. त्यावर वकीलसाहेबांनी नमुना परत घेतला. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनीच करावी.

माझी मुलगी प्रियदर्शिनी हिला मराठी नीट वाचता येत नाही. रस्त्यावरच्या पाट्या ती तेलुगूत वाचते आणि माझ्या चिठ्ठ्या फोनवर फोटो काढून भावाला पाठवते. म्हणून हे तिला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि वाचताना काही गाळू नये.

कलम १. मलकपेठेतील घर माझ्या नावावर आहे. वरचा मजला व गच्ची माझा मुलगा हर्षवर्धन याला द्यावी. खालचा मजला, दुकान, दुकानापुढचा ओटा आणि ट्रेलर उभा राहतो ते अंगण माझी मुलगी प्रियदर्शिनी हिला द्यावे. अंगण दोघांत वाटू नये. अर्ध्या अंगणात ट्रेलर वळत नाही.

कलम २. बँकेत जे काही असेल ते दोघांना सारखे. दागिन्यांपैकी माझ्या अंगावरचे सुनेला आणि कपाटातले लेकीला. यावर मला जास्त लिहायचे नाही.

कलम ३. सपाट ट्रेलर, त्याचे कडेचे काढता-घालता येणारे फाळके, वरचे जोडफाळके, सर्व खिळी, साखळ्या व दोर यांसह, प्रियदर्शिनी हिला द्यावा. दुकानाचे नाव व गिऱ्हाईक तिचेच. हे कलम घरात सर्वांत जास्त गाजले आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

माझे यजमान प्रतापराव हे भालकीकडून हैदराबादला आले आणि मलकपेठेच्या रेसकोर्सभोवतालच्या तबेल्यांना गवत पुरवू लागले. पुढे लग्नाच्या घोड्या ठेवणारे, म्हशीवाले, सगळेच येऊ लागले. त्यांनी एक जुना ट्रेलर घेतला. नुसता लोखंडी सांगाडा आणि वर लाकडी पाट. कडेला काही नाही, दोर अडकवायला काही नाही. गवताचे गठ्ठे डोक्याच्या वर रचायचे, दोर पाटाखालून ओढून घ्यायचा आणि माणसाने वर चढून तो आवळायचा. वर्षानुवर्षे तसेच चालले. एके दिवशी भर दुपारी दोर खालच्या कोपऱ्यावरून सटकला आणि यजमान वरून ओट्यावर पडले. खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ते दोन वर्षे अंथरुणावर होते. मग गेले.

तेराव्याला नामदेवभाऊजी मला म्हणाले, "वहिनी, ट्रेलर विकून टाका. बाईमाणसानं गवत कुठं विकायचं?" मी म्हटले, "दुकानात." त्यांना ते उर्मट वाटले. मी खरोखरच पत्ता सांगितला होता.

मला आधी एकच गोष्ट करायची होती. माझ्या ट्रेलरवर दोर आवळायला पुन्हा कोणी वर चढणार नाही. मी चादरघाटाजवळच्या वेल्डिंगवाल्या यादगिरीकडे ट्रेलर नेला. भाऊजींचे म्हणणे, करायचेच तर कडेने कायमचे पत्रे मारून टाका. पण गवताचा हंगाम नसला की हाच ट्रेलर अफझलगंजच्या व्यापाऱ्यांची यंत्रे, फरशा, जनरेटर नेत असे. तो माल बाजूने चढवतात. कायमचे पत्रे मारले की ते काम गेले. मला फाळके हवे होते, पण एका माणसाला उचलून काढता येतील असे.

भाऊजी म्हणाले, "गवताच्या गाडीला पिंजरा कशाला करायलाव वहिनी? त्यात काय वाघ न्यायचाय?"

सांगाड्याला कडेकडेने चौकोनी नळीचे तुकडे उभे वेल्ड केले. ती खोबण. फाळक्याचे पाय त्यात उतरतात आणि आरपार खीळ घातली की हलत नाहीत. कोपऱ्यावर दोन फाळके एकमेकांना आकड्याने धरतात, म्हणजे माल आतून रेटला तरी फाळक्याचे पोट बाहेर येत नाही. त्यावर आणखी एक हलका जोडफाळका बसतो, कारण सुटा कडबा उंच होतो. आणि सांगाड्याला सगळीकडून कड्या, म्हणजे खाली उभे राहूनच दोर अडकवायचा आणि आवळायचा.

पहिल्या कड्या यादगिरीने पाटाच्या कडेच्या पातळ पट्टीला लावल्या. दिसायला छान. मी म्हटले, "ट्रेलर घेऊन जाण्याआधी आमची जीप लावून कडी ओढून बघू." तो हसला, "अम्मा, घास बांधनेका है, हाथी नक्को." तरी मी साखळी लावली आणि जीप पुढे घ्यायला सांगितली. कडी पट्टीसकट उपटून आली. यादगिरीने ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि सगळ्या कड्या कापून काढल्या. मग त्या सांगाड्याच्या खालच्या जाड लोखंडी चॅनेलला, दोन्ही बाजूंनी वेल्ड भरून बसवल्या. पुन्हा जीप लावली. जीपची चाके जागेवर फिरली, ट्रेलर सरकला, कडी तशीच. "अब अम्मा, कड़ी नै निकलती, गाड़ी टूटती," तो म्हणाला. त्या दिवसापासून आमचे जमले. दुकानातला लोखंड पकडायचा मोठा शिकंजा आणि घण यादगिरीला द्यावा. त्याचा स्वतःचा शिकंजा झिजला आहे हे मी पाहिले आहे.

आता घोडीची हकिगत. ती अनेकांनी अनेक प्रकारे सांगितली आहे. घडले ते असे.

महबूबभाई लग्नाच्या वरातीला घोडी देत. घोडीचे नाव नूरी. पांढरी, शांत, बँड वाजला तरी कान न हलवणारी. तिच्यावरच त्यांचे घर चालत होते. लग्नसराईत एका सकाळी ते दुकानात धावत आले. पगडी नाही, पायात चप्पल नाही. "अम्मा, नूरी के पेट में दर्द है. लोटनेकू देख री. डॉक्टर बोला, राजेंद्रनगर के दवाखानेकू लाओ, लोटनेकू मत दो, आंतें पलट जातियाँ. ट्रकवाले नै आ रें."

पोटशूळ झालेला घोडा जमिनीवर लोळू लागला की आतड्यांना पीळ पडतो, हे गवतवाल्यांना माहीत असते. नूरी घामाने भिजली होती आणि वळून वळून स्वतःच्या पोटाकडे पाहत होती.

आमचा ड्रायव्हर गावी गेला होता. भाऊजी दुकानात बसले होते आणि जीपची किल्ली त्यांच्या खिशात होती. ते म्हणाले, "वाटेत मेली तर नाव आपलं जाईल. रेसकोर्सवाले उद्या गवत घ्यायचे नाहीत."

मी म्हटले, "इथं उभी राहिली तर नक्की मरेल. किल्ली द्या."

त्यांनी दिली नाही. तेवढ्यात प्रियदर्शिनी बाहेर आली. वय बावीस. जीप चालवायला ती शिकली होती, पण मागे ट्रेलर लावून कधी नेली नव्हती. ती काकांसमोर हात पुढे करून उभी राहिली. भाऊजींनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. हे खरे आहे, म्हणून तेही लिहिते.

ओट्याला हातगाडीसाठी उतार आहे. त्यावरून घोडी वर आणली आणि ट्रेलर मागे घेऊन ओट्याला टेकवला. पाट आणि ओटा सारख्याच उंचीचे आहेत. नूरी पाटावर पाय ठेवीना. महबूबभाईंनी तिच्या डोळ्यांवर आपला गमछा धरला आणि कानात काही बोलत तिला आत घेतले. मागचा फाळका खोबणीत उतरवला, खिळी मारल्या. कडेने जोडफाळके चढवले. दोन्ही अंगांना गवताचे गठ्ठे उभे रेटले, म्हणजे तिला टेकायला मऊ आणि पडायला जागा नाही. दावणीचे दोन दोर दोन बाजूंच्या कड्यांना, मागून आडवे दोन दोर. महबूबभाई तिच्या तोंडाशी उभे राहिले, मी मागच्या कोपऱ्यात.

"आई, तू खाली ये, तुझं वय आहे का?" प्रियदर्शिनी ओरडली.

"पुढे बघून चालव," मी म्हटले.

अफझलगंजच्या वळणावर एक रिक्षा आडवी आली आणि प्रियदर्शिनीला एकदम वळावे लागले. नूरीने सगळे अंग माझ्या बाजूच्या फाळक्यावर टाकले. तेवढे वजन मी आयुष्यात अंगाजवळ पाहिले नव्हते. मधे एक गठ्ठा आणि मागे फाळका. खिळी कुरकुरल्या. कोपऱ्याचा आकडा ताणला गेला. पण फाळका जागचा हलला नाही. नूरीने पाय सावरले आणि पुन्हा उभी राहिली. पुढे बहादूरपुऱ्यात ती बसू पाहत होती, तर मागच्या दोराने तिला बसू दिले नाही. महबूबभाई सारखे म्हणत होते, "खड़ी रै बेटा, खड़ी रै." पुढे प्रियदर्शिनी गाडी इतकी सावकाश आणि सरळ नेत होती की पाठीमागचे हॉर्नवाले आम्हाला शिव्या देऊन पुढे जात होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी नळी घातली, तेल दिले, इंजेक्शने दिली. आम्ही बाहेर बसून राहिलो. उन्हे कलली तेव्हा नूरीने लीद टाकली, म्हणजे पोट मोकळे झाले. एखाद्या घोड्याने लीद टाकल्यावर तीन मोठी माणसे रडताना मी त्याआधी पाहिली नव्हती. महबूबभाईंनी प्रियदर्शिनीच्या डोक्यावर हात ठेवला. नूरीने त्यानंतर कितीतरी वराती काढल्या.

दुसऱ्या दिवसापासून प्रियदर्शिनी दुकानात बसू लागली. मी तिला बोलावले नव्हते. आज तबेलेवाले मला नव्हे, तिला फोन करतात. म्हणून ट्रेलर आणि दुकान तिचे आहे. मुलगी म्हणून दिलेले नाही आणि ती मुलगा असती तर दिले नसते असेही नाही.

कलम ४. हर्षवर्धन कोंडापूरला कंपनीत आहे. त्याला भाऊजींनी दोनदा घरी बोलावून सांगितले की धंदा मुलाकडेच जावा आणि त्याने माझ्याशी बोलावे. तो बोलायला आलाही. मी त्याला समोर बसवून सगळे सांगितले. तो ऐकून म्हणाला, "आई, फेअर आहे. मला गवत आणि कडबा यातला फरकसुद्धा कळत नाही." मग विचारले, "पण बाबांचं काही मला नाही का?" त्याला वडिलांची जुनी जीप द्यावी. आता ती ओढण्याच्या कामाची राहिलेली नाही, पण लहानपणी तो तिच्या बॉनेटवर झोपत असे.

कलम ५. माझे दीर नामदेवराव यांना यजमानांची शिसवी आरामखुर्ची द्यावी. ती त्यांना पहिल्यापासून आवडते. लग्नकार्यात ते सांगतात की घोडी न्यायची कल्पना त्यांची, आणि फाळकेही त्यांनीच सुचवले. तसे झाले नाही. यापुढे खुर्चीत बसून त्यांनी हकिगत जरूर सांगावी, चांगली रंगवून सांगतात, पण वरील कलम ३ प्रमाणे सांगावी. किल्ली त्यांनी दिली होती, तेवढा त्यांचा वाटा त्यात आहेच.

कलम ६. या मृत्युपत्राला कोणी हरकत घेतल्यास वकीलसाहेबांनी त्याला आधी चहा पाजावा आणि मग हे पूर्ण वाचून दाखवावे.

कलम ७. हे शेवटचे, आणि प्रियदर्शिनीसाठी. नवरा गेल्यावर बिचारीने मुलांसाठी गवत विकले, असे माझ्याबद्दल सर्वत्र बोलले जाते. माझ्या मागे भाषणे झाली तर तेच बोलतील. ते खरे नाही. मुले तर मी दुकान भाड्याने देऊनही वाढवली असती. मला पहाटेच्या ताज्या गवताचा वास आवडला, भाव ठरवताना होणारी वादावादी आवडली, दोर आवळल्यावर गठ्ठ्यांचा होणारा आवाज आवडला. मला ते काम आवडले, म्हणून मी केले. तेव्हा बेटा, ट्रेलर तुझा, दुकान तुझे. तुला आवडेल तोपर्यंत चालव. ज्या दिवशी आवडणार नाही त्या दिवशी विकून टाक, माझ्या फोटोची परवानगी घेत बसू नकोस.

हे सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले, आणि खालील दोन साक्षीदारांच्या समक्ष सही केली. त्यांनीही माझ्या समक्ष सह्या केल्या. दोघांपैकी कोणालाही यातून काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे.

सही: मालनबाई प्रतापराव बिरादार

साक्षीदार:
१. श्री. सुरेश वसंतराव कुलकर्णी, निवृत्त शिक्षक, चिक्कडपल्ली
२. श्रीमती भाग्यलक्ष्मी, शेजारीण, मलकपेठ (सही तेलुगूत)

स्थळ: हैदराबाद
दिनांक: ९ जानेवारी २०२५