निळं फूल आणि पांढरा कागद

चि. शुन्पेईस,

कासामाहून तोकुजीकाकाचे भरभरून आशीर्वाद. पाऊस सरला, पण गोगलगायी माझ्या कुंड्या सोडायला तयार नाहीत. तू ठणठणीत असशीलच. तुझ्या प्रयोगशाळेत म्हणे किडासुद्धा पाय धुऊन आत येतो. माझे गुडघे कुरकुरतात. काकूची नजर मात्र मंदावत चालली आहे आणि ती परत यायची नाही, असं डॉक्टर म्हणतात.

तुझी पेटी मिळाली. निळी कार्नेशन! उघडताच मला राग आला. (मनाला लावून घेऊ नकोस, मला आधी रागच येतो.) तुला ठाऊक आहे, लग्नात काकूने किमोनोवर निळा ओबी बांधला होता आणि मी भरात येऊन, "या कमरपट्ट्याच्या रंगाची शेवंती तुझ्यासाठी फुलवीन," असं बोलून बसलो. तेव्हापासून ब्रश घेऊन या फुलाचे पराग त्या फुलाला लावतो आहे. पांढरी आली, जांभळट आली, एकदा तर आजारी दिसणारी राखाडीही आली. निळी काही येईना. काकू म्हणते, "एवढ्यात मधमाशीने मध तरी दिला असता हो!" आता तिची नजर जायच्या आत ती निळी शेवंती तिला दाखवायची, एवढीच घाई आहे. आणि कालचं पोर पेटीत घालून निळं पाठवतं!

मी ठरवलं, ही शाई. आमच्या शेवंती मंडळातल्या ओनुकीने एकदा पांढरं फूल शाईच्या पाण्यात उभं करून प्रदर्शनात आणलं होतं. तेव्हापासून नियमच आहे, शंका आली की देठ कापून पांढऱ्या कागदावर दाबायचा. तुझी लबाडी चव्हाट्यावर आणायला मी अख्खं मंडळ सभागृहात बोलावलं, वर चहाही पाजला.

देठ कापला, दाबला. कागदावर नुसतं पाणी. ओनुकी म्हणाला, "अरे तोकुजी, जोर लाव की! माझ्या वेळी कसा दाबला होतास!" पुन्हा दाबला. पाकळी चुरगळली, जिभेला लावून पाहिली (कडू, पण प्रामाणिक). निळेपणा फुलाचा स्वतःचाच होता. मग तू फोनवर सांगितलेलं मी सगळ्यांना सांगितलं, की दुसऱ्या फुलाचा निळा गुण यात घालतात, अशी फुलं समुद्रापलीकडच्या मळ्यांत वाढून विमानाने येतात आणि लग्नाच्या गुच्छांत सर्रास विकली जातात. ओनुकीने टोपी काढली. शुन्पेई, मी त्या फुलापुढे कमरेतून वाकलो, आणि गुडघे मुकाट राहिले. जे मी जन्मभर बाहेरून घासत होतो, ते कुणीतरी फुलाला आतून शिकवलं! भीती वाटली, आनंद झाला, रडूही आलं. (ओनुकीला सांगितलं, परागांनी डोळे चुरचुरतात.)

घरी येऊन फूल ओबीशेजारी धरलं. खरं सांगतो, ते जांभळ्याकडे झुकतं, कुणालाही दिसेल. काकू मात्र लगेच म्हणाली, "अगदी तोच रंग हो!" माझं मन राखायला म्हणाली असणार. पण कार्नेशन ती कार्नेशन, मी शब्द शेवंतीचा दिला होता.

बसून बसून पाय बधिर झाले, म्हणून इथेच थांबतो.

तुझा,
तोकुजीकाका

ता.क. मला काही नको. फक्त सोबत ओल्या शेवाळात गुंडाळून माझ्या पांढऱ्या शेवंतीच्या फांद्या ठेवल्या आहेत. तुमच्याकडे गोकर्णीचा निळेपणा शेवंतीत घालून बघतात म्हणे. माझीत घालून बघ. साहेबांना सांग, म्हातारा विकणार नाही, कुंडीबाहेर जाऊ देणार नाही. पण लवकर कर रे बाबा.

आणखी ता.क. (काकूकडून. पेटी बांधायला माझ्याकडे देऊन हे आंघोळीला गेलेत. अक्षरं एकमेकांवर चढली असतील, सांभाळून घे.) शुन्पेई, मला गेल्या हिवाळ्यापासून रंग दिसतच नाहीत. यांना सांगितलं नाही, सांगणारही नाही. ब्रश खाली ठेवतील आणि दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतील. तू निळी शेवंती जरूर पाठव. फक्त तिच्या देठाला एक दोरा बांध, म्हणजे कुठल्या फुलाकडे बघून "अगदी तोच रंग" म्हणायचं, ते मला कळेल.