एस्टोनियातला संशयित

१ सप्टेंबर, सोमवार
उद्या गौरी-गणपती जाणार. घर पाहुण्यांनी भरलेलं. अण्णांनी (वडील) बरोबर हीच वेळ साधली. भर पंगतीत विचारलं, देवदत्त, तुझं ते इंटरनेटवरचं कोण वाचतं रे? मी म्हटलं, साहित्याचे वाचक मोजायचे नसतात. अण्णा म्हणाले, मोजू नको, एक दाखव. घरचा सोडून एक. पाडव्यापर्यंत दाखवलास तर जन्मभर लिही, वाडीच्या कामाचं मी बघतो. नाहीतर रघूमामाच्या ई-सेवा केंद्रात बसायचं.
रघूमामाने मोदक खाता खाता माझी खुर्चीसुद्धा ठरवली. दाराजवळची. दुसरीचा पाय मोडलाय म्हणे.
दोघांचं आधीच ठरलेलं असणार. मामाला माणूस हवाच होता.
मान्य केलं. सात आठवडे आहेत. एक वाचक म्हणजे काय, चिल्लर.

५ सप्टेंबर, शुक्रवार, दुपारी ३.५०
आला!!
नीट लिहितो. वाडीत नेट फक्त विहिरीच्या कठड्यावर येतं, तेही फोन बांबूला बांधून वर धरला तर. तिथे बसून लॅपटॉपवर ब्लॉगचे स्टॅट्स उघडले. काल टाकलेलं प्रकरण नववं. व्ह्यूज १. वेळ साडेतीन. थांबला ११ मिनिटं. देश: एस्टोनिया.
क्रियापद नसलेल्या मराठी कादंबरीला युरोपात वाचक. मला कुठेतरी माहीतच होतं.
एवढ्यात साहिलचा फोन. कापला. मागच्या आळीतला साहिल आखातात गोडाऊनवर लागल्यापासून फार बोलायला लागलाय. कॉल घेतला की हॉटस्पॉट मरतो, हे त्याला शंभरदा सांगून झालं.

६ सप्टेंबर
एस्टोनियाचा अभ्यास. लोकसंख्या तेराचौदा लाख. म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याच्या निम्मी. पण मतदान घरी बसून नेटवर. टॅक्स पाच मिनिटांत. डॉक्टरची चिठ्ठी नेटवर. आता तर घटस्फोटाचा अर्जही नेटवर. जंगलात फिरायला गेलं तरी रेंज येते म्हणे.
मी बांबू धरून बसलो होतो. वाऱ्याने रेंज गेली. अर्धा लेख वाचायचा राहिला.

७ सप्टेंबर
अण्णांना स्टॅट्स दाखवले. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, नाव काय याचं? मी म्हटलं, एस्टोनिया. ते म्हणाले, तो देश झाला. देश वाचत नाही, माणूस वाचतो. नाव आण.
अनुयाने (धाकटी बहीण, कॉम्प्युटरवाली, स्वतःला शहाणी समजते) मध्येच सांगितलं की तो बॉट असेल. बॉट अकरा मिनिटं थांबतो का, विचारलं. तर म्हणते, तुझी कादंबरी असेल तर बॉटपण अडकेल.
मत्सर.

११ सप्टेंबर, गुरुवार
प्रकरण दहावं टाकलं. अगदी मधोमध आवाहन. मराठीत, इंग्रजीत आणि मशीनकडून करून घेतलेल्या एस्टोनियन भाषेत: 'एस्टोनियातील रसिक वाचकास विनंती. कृपया नाव कळवा.'
एस्टोनियन भाषेत विभक्त्या चौदा आहेत. आठांनीच दहावीला माझे मार्क खाल्ले होते. पण वाचकाला आपलं वाटावं म्हणून एवढं करायला हवं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
साडेतीनला आला. अकरा मिनिटं थांबला. उत्तर नाही.
लाजतो बहुतेक. लहान देशातली माणसं लाजतात.
साहिलचा मिस्ड कॉल. शुक्रवारी याला दुसरं काही काम नसतं का?

१९ सप्टेंबर, शुक्रवार
साडेतीन. अकरा मिनिटं. उत्तर नाही.
आज प्रथमच नीट विचार केला. माझं प्रकरण मोठ्याने वाचलं तरी चार मिनिटांत संपतं. वरची सात मिनिटं हा माणूस करतो काय?
कॉपी करतो.
सगळी कोडी सुटली. ज्या देशात टॅक्स पाच मिनिटांत भरून होतो, तिथे माणसाकडे उरलेला दिवस रिकामा. आपल्याकडे सातबाऱ्याचा उतारा काढण्यात माणसाची उमेद संपते, चोरी करायला वेळच उरत नाही. त्यांच्याकडे वेळच वेळ. आणि साडेतीन म्हणजे त्यांच्याकडचा दुपारचा एक. जेवणाच्या सुट्टीत चोरतो. शिस्तीचा माणूस आहे.

२१ सप्टेंबर
दिवसभर एस्टोनियन साइट्स मशीनने मराठीत करून तपासल्या. बांबू अनुयाला धरायला लावला. दोन तासांनी ती बांबू विहिरीला टेकवून निघून गेली. फोन वाचला.
संध्याकाळी सापडलं! टॅलिन शहरातल्या एका पानावर: 'सकाळ. चहा. काळा पाव. अंडं. शांतता.' एकही क्रियापद नाही. माझं प्रकरण तिसरं सुरू होतं 'सकाळ. चहा. माशी.' असं. माशी तेवढी काढलीय.
अनुयाने बघून सांगितलं की तो एका हॉटेलचा नाश्त्याचा बोर्ड आहे. खाली किमती आहेत.
चोर हुशार आहे. मेन्यूकार्डात कोण शोधणार?

२५ सप्टेंबर, गुरुवार
सापळा. मुद्दाम भिकार प्रकरण लिहिलं. अर्थ नाही, लय नाही, काही नाही. चोराने हे छापलं की त्याच्या नावाला काळं. प्रयोग म्हणून घरी आधी अनुयाला वाचायला दिलं. तिला फरक जाणवला नाही म्हणाली.
तिचं वाचन कमी आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
साडेतीन. अकरा मिनिटं. भिकार प्रकरणालाही अकरा! चांगलंवाईट कळत नाही, सरसकट उचलतो.
साहिलचा फोन लागोपाठ दोनदा. दोन्ही कापले. मग मेसेज आला: 'फोन उचल ना रे साल्या.' मी कामात आहे हे तिकडून कसं कळणार याला.

२ ऑक्टोबर, दसरा
घरात सोनं वाटलं. अण्णांनी आपट्याचं पान हातात देताना फक्त भुवया उडवल्या. म्हणजे नाव मिळालं का. मी म्हटलं, तपास सुरू आहे. ते म्हणाले, वाचक शोधतोयस की आरोपी?
माझ्यापुढे आता दोन वाटा. हा माणूस वाचक असेल तर अट जिंकलो, मग त्याचं नाव काढायचं. चोर असेल तर कादंबरी वाचवायची, अट गेली तरी बेहत्तर. आधी काय ते ठरायला हवं. माणसांवर भरवसा नाही. अनुया फितूर. मामा पार्टी आहे.
देवीला कौल लावायचा.

७ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळी आंघोळ करून गावदेवीला गेलो. गणराज गुरवाला सगळं समजावलं. ब्लॉग, स्टॅट्स, एस्टोनिया. तो म्हणाला, देवा, एवढं नको, देवीला एकच प्रश्न दे, व्हय की न्हाय असा. मी तयार केलेला प्रश्न होता: 'सदर इसम वाचक आहे, चोर आहे, की दोन्ही असून पश्चात्तापाच्या मार्गावर आहे?' त्याने हात जोडले. शेवटी ठरलं: एस्टोनियातून येणारा माणूस माझा हितचिंतक आहे का?
गणराजने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. गाऱ्हाणं घातलं. त्यात एस्टोनियाला तीनदा 'अस्तान' म्हणाला. तेवढ्यात उजवी कळी टपकन पडली. एरवी म्हणे लोक तासतासभर उभे असतात.
गणराज खूश. उजवी दिली, म्हणाला. माणूस तुझाच हाय, जा घरी, प्रसाद खा.
आनंदात निघालो. पायऱ्या उतरताना डोक्यात आलं: उजवी कुणाची?
परत वर. गणराज म्हणाला, देवीची उजवी, दुसरी कुणाची? म्हटलं, पण मी समोर उभा होतो, माझ्या तर डाव्या हाताला पडली. प्रश्न माझा, संकट माझं, मग हात तिचा का धरायचा? तो म्हणाला, माझा आजा, पणजा सगळे देवीचाच हात धरत आले. म्हटलं, त्यांच्या वेळी प्रश्न गावातल्या गावात होते. हा आंतरराष्ट्रीय आहे. गणराज म्हणाला, मग ज्या देशाचा प्रश्न हाय त्या देशाच्या देवीला विचार बाबा. आणि दिवा घासायला बसला.
नीट आठवलं तर, मी बोलत असताना तो मोबाइल बघत होता. देवळात त्याला चार काड्या रेंज. एका गुरवाला एवढी रेंज कशासाठी?
निर्णय: कळी डावीच. चोर.

तोच दिवस, संध्याकाळी ६
रघूमामाच्या केंद्रात जाऊन ब्लॉगची सेटिंग्ज उघडली. Block country. यादीत E वर गेलो. एक क्लिक.
अख्खा देश बंद. बांबू धरणाऱ्या माणसाने तेराचौदा लाख लोकांचा मार्ग रोखला. बरं वाटलं.
मामाने त्या खुर्चीवर बसूनच काम करायला लावलं. कशी वाटते, विचारत होता. डुगडुगते.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
साडेतीन. व्ह्यूज ०. विजय!
चारला साहिलचा फोन आला नाही. आज पहिल्यांदाच शांतपणे बसलो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
व्ह्यूज ०.
चोर हरला. खरं तर आनंद व्हायला हवा. होतोच आहे. फक्त सारखं रिफ्रेश करण्याची सवय लागलीय, ती मोडेल.
पाच वेळा रिफ्रेश. मग दहा. मग बांबूच खाली ठेवला.

१९ ऑक्टोबर, रविवार
साहिलचा व्हॉइस मेसेज. सहा मिनिटं चौदा सेकंद. ऐकणार नव्हतो. आंघोळीचं पाणी तापेपर्यंत लावला.
आठवेल तसा उतरवून ठेवतो.
म्हणाला: देवा, फोन तू उचलत नाहीस म्हणून हे बोलतो. भावा, तुझा ब्लॉग उघडत नाय. दोन शुक्रवार झाले. नमाज पढून, जेवून, खाटेवर पडून मी तेवढंच तर बघतो. 'आपके देश में उपलब्ध नहीं' असं काय तरी येतंय. मला काय माहीत माझा देश कुठला दाखवतोय. इकडे व्हॉट्सअॅपवर घरी फोन लागत नाय, म्हणून आम्ही सगळ्यांनी एक अॅप टाकलंय, ते आपल्याला भलत्याच देशात बसवतं. रूममधले दोघं हॉलंडमध्ये हायत. मला फुकटात एस्टोनियाच मिळाला. कुठं हाय तो, खायला काय मिळतं तिथं?
इथे मेसेज थांबवला. पाणी उकळून गेलं. पुन्हा लावला.
म्हणाला, ते मध्येच 'नाव कळवा' असं लिहिलेलंस, ते माझ्यासाठी होतं का रे? मला वाटलं कादंबरीच हाय. तुझं काय कळतं का कधी.
म्हणाला, खरं सांगतो, रागवू नकोस, वरचं सगळं डोक्यावरून जातं. तुझी खालची लाइन असते ना, तारखेच्या खाली, ती वाचतो.
प्रत्येक प्रकरण कुठे आणि कधी लिहिलं याची मी शेवटी नोंद टाकतो. साहित्यिक शिस्त. दोनचार ओळी. विहिरीला पाणी कुठवर आलं, धक्क्याला किती बोटी लागल्या, कुणाच्या घरात भांडण. जागा भरायला असतं ते. क्रियापदंसुद्धा असतात त्यात.
म्हणाला, मी ते दहा मिनिटं वाचतो. वाचतो, मग डोळे मिटून बघतो. मागं तू लिहिलेलंस, साहिलच्या अम्मीच्या दारातला फणस पडला. अम्मीने मला सांगितलंच नव्हतं. रोज फोनवर बोलते, फणसाचं सांगितलं नाही. मग मी तुला फोन लावतो, की अजून काय पडलं का, अम्मीच्या पत्र्याला लागलं का. तर तू कापतोस.
शेवटी म्हणाला, चालू कर ना रे भावा. आणि वरचं नाय लिहिलंस तरी चालेल.

१९ ऑक्टोबर, रात्री
मामाच्या घरी जाऊन केंद्राची चावी आणली. एस्टोनिया खुला केला. साहिलला फोन लावला. त्याच्या अम्मीच्या पत्र्याला काहीही झालेलं नाही, हे सांगितलं. मग बराच वेळ फणसावर बोललो.
शेवटच्या वाक्याबद्दल त्याला काही विचारलं नाही. गोडाऊनच्या माणसाच्या साहित्यविषयक मतांना किती महत्त्व द्यायचं?
आणि महत्त्वाची गोष्ट लक्षात आली ती झोपताना. मी जिंकलो! वाचक आहे. नाव आहे. आवाज आहे, सहा मिनिटं चौदा सेकंदांचा. पाडव्याला तीन दिवस बाकी.

२२ ऑक्टोबर, पाडवा
ओवाळणं झाल्यावर सगळ्यांसमोर मेसेज लावला. 'वरचं डोक्यावरून जातं' इथे पुढे ढकलायला गेलो, तर अनुयाने हात धरला. पूर्ण ऐकवला. अण्णांनी मान खाली घालून ऐकला. मग म्हणाले, परत लाव. परत लावला.
आई उठून मागच्या आळीत फराळ द्यायला गेली. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, वाचतो हो. मनापासून वाचतो. इतकं मन लावून तर मीही कुणाचं कधी वाचलं नाही.
मी मामाकडे बघितलं. मामाचा चेहरा पडलेला.
मग अण्णा म्हणाले, पण आपलं काय ठरलं होतं? घरचा सोडून.
मी म्हटलं, हो, मग?
अण्णा म्हणाले, मग साहिल कसा चालेल? तो घरचाच.
यावर एकाही माणसाने, अनुयानेसुद्धा, हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही. घेता येईना.
उद्या भाऊबीज. परवा सकाळी नऊला केंद्र.