अकरा हजार दीर्घिका कोणी पाहिल्या

बिस्मिल्लाह. मी, एंकुस सास्मिता, वय एकोणऐंशी, निवृत्त खगोलशास्त्रज्ञ, राहणार लेम्बांग, बांडुंग, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगतो आहे. सांगतो आहे, कारण काचबिंदूने माझे दोन्ही डोळे नेले. नोटरींकडची लिलिस लिहून घेते आहे. डोकं मात्र शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी बुद्धिबळाचा डाव मांडून पाहावा.

१. मला मूलबाळ नाही, पत्नी एनी माझ्याआधी गेली. धर्माच्या नियमाने दोन तृतीयांश मालमत्ता वारसाची, म्हणजे धाकटा भाऊ ओदांग याची. हे घर त्यात आलं. त्याचा मुलगा दादान इथे पाहुण्यांसाठी लॉज काढणार आहे, हे मला सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. खुशाल काढावं. छतावर दिवे मात्र लावू नयेत. खालच्या हॉटेलांनी आकाश आधीच पुरेसं नासवलं आहे.

२. उरलेल्या तृतीयांशातून पुस्तकं आणि दुर्बीण इथल्या मुलींच्या शाळेला. दुर्बिणीचा एक पाय डगमगतो, त्याखाली लाकडाची चीप सरकवावी. पितळी भिंग माझं नाही, वेधशाळेचं आहे. "उद्या परत करतो" असं मी १९८९ पासून म्हणतो आहे.

३. सहकारी सुहेरमान दर परिषदेत सांगायचे, "आमच्या एंकुसची नजर म्हणजे घारीची!" मी त्यांच्याशी तीस वर्षं तुटक वागलो. ते समजले, मी गर्विष्ठ आहे. खरं म्हणजे मला तेव्हा समोरचा चहाचा कप चाचपावा लागत होता, आणि ते त्यांच्या लक्षात येईल अशी भीती वाटायची. त्यांची मी माफी मागतो.

४. आता मुख्य गोष्ट. १९८३ ते १९८७ या काळात जपानच्या प्राध्यापक मोरिशितांबरोबर मी अकरा हजार दोनशे दीर्घिकांची सूची केली. आकाशाची छायाचित्रं काचांवर उतरवलेली असत, जपानहून पेट्यांतून येत. दिवसा त्या काचा उजेडाच्या मेजावर ठेवायच्या आणि भिंगातून एकेका दीर्घिकेचा आकार ठरवायचा: चक्राकार, गोल, की शेजारणीशी धडकून विस्कटलेली. मोरिशितांची एकच अट होती. सगळ्या एकाच माणसाने पाहायच्या, कारण माणूस बदलला की मोजपट्टी बदलते. आम्ही निष्कर्ष काढला की दूरच्या, म्हणजे जुन्या काळच्या, दीर्घिका जवळच्यांपेक्षा फार जास्त विस्कटलेल्या आहेत. तेराशेहून अधिक शोधनिबंध या सूचीवर उभे आहेत. सात देशांतल्या लोकांनी तिच्या भरवशावर माझ्याबरोबर काम केलं. पहिल्या पानावर छापलं आहे: निरीक्षक एकच, ए. सास्मिता.

हे खोटं आहे. जवळच्या चार हजार मी पाहिल्या. मग मला कडा दिसेनाशा झाल्या. पुढच्या, दूरच्या सगळ्या इतोहने पाहिल्या. ती चोवीस वर्षांची होती, काचा पुसायला आणि लावून ठेवायला नेमलेली. मला बापाक, म्हणजे साहेब, म्हणे. माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणायची, "बापाक, हिला शेपटी आहे की! गोल काय लिहिताय?"

"काचेवर कचरा असेल."

"काच मी पुसलीय. कचरा म्हणायचं काम नाही."

शेपटी होती, म्हणजे ती दीर्घिका विस्कटलेलीच होती. तिच्या वह्या मी जाड पेनाने माझ्या अक्षरात उतरवल्या आणि तिला म्हणालो, सवडीने जगाला सगळं सांगू.

म्हणजे दूरच्या दीर्घिका खरंच इतक्या विस्कटलेल्या आहेत, की इतोहची नजर माझ्याहून तीक्ष्ण होती, हे आजवर कोणालाच कळलेलं नाही. त्याचं उत्तर एका वहीत आहे. सुरुवातीला खात्रीसाठी माझ्या सहाशे दीर्घिका तिने पुन्हा पाहिल्या होत्या. मला त्यांत अकरा विस्कटलेल्या दिसल्या होत्या, तिला तेवीस. या फरकाने पूर्ण सूची दुरुस्त करता येते. ती वही मी बिस्किटांच्या डब्यात दडवली, कारण तिच्यातून माझं आंधळेपण उघडं पडलं असतं. मला त्याची लाज वाटते.

माझी विद्यार्थिनी तितिन चिलीत असते. तिचं सहा वर्षांचं काम या सूचीवर बेतलेलं आहे. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाली, "बापाक, दूरचा आकडा जरा चढा वाटतो. पण पाहणारे तुम्ही एकटे, म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवते." 

म्हणून ~~माझ्या मृत्यूनंतर~~ सहाशेंची वही तितिनला द्यावी, बाकीच्या वह्या इतोहला, आणि सूचीवर इतोहचं नाव माझ्या नावाआधी घालावं. तृतीयांशाची मर्यादा मालमत्तेला आहे, श्रेयाला नाही. नोटरींना विचारून घेतलं आहे.

५. इथे लिलिसने सगळं वाचून दाखवलं. इतोह साक्षीदार म्हणून आली होती, तिनेही ऐकलं. लिलिस तिला आदराने चेउ, म्हणजे ताई, म्हणते. ती म्हणाली, "चेउ इतोह, तुम्हाला साक्षीदार होता येणार नाही. ज्याला काही मिळतं, त्याची सही चालत नाही."

"मग मला नको काही," इतोह म्हणाली. "आणि बापाक, मेल्यावर खरं बोलायला काय लागतं हो? लोक माझ्या दारात येतील, म्हणतील, म्हातारे, पुरावा काय? तुम्ही कबरीत आरामात!"

मी विचारलं, "इतकी वर्षं तू तरी गप्प का बसलीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून."

 कलम चारमधले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द खोडायला लावले आणि चार वाजता तितिनला फोन केला. तिकडे पहाट होती. सगळं सांगितलं.  तिने एवढंच विचारलं, "वही शाबूत आहे ना?" आणि नंतर, बाई या आदराच्या शब्दाने, "फोन इबु इतोहना द्या." दोघी तासभर बोलत होत्या. मला कोणी काही विचारलं नाही.

कलम चार आजच अमलात आलं. वह्या दिल्या, नाव बदलण्याचं पत्र सूचीच्या प्रकाशकांना गेलं. या मृत्युपत्राने इतोहला आता काहीही मिळत नाही, सबब तिची साक्ष चालते.

माझी सही ओळीबाहेर गेली असली तरी ती माझीच समजावी.

एंकुस सास्मिता
लेम्बांग, गुरुवार, दिनांक १२ जून २०२५

साक्षीदार १: हाजी उजुक, शेजारी. व्यवसाय: दूधविक्री.

साक्षीदार २: इतोह. व्यवसाय: ~~काचा पुसणे~~ दीर्घिका-निरीक्षक, क्रमांक ४,००१ ते ११,२००. (खाडाखोड साक्षीदाराने स्वतः केली आहे.)