पाऊल न वाजणारा गालिचा

४ फेब्रुवारी

खालची नर्स वर आली होती. तिला रात्रपाळी असते, दुपारी झोपते. आज केस विस्कटलेले, डोळे लाल. आधी "सॉरी हं काकू" म्हणाली — काकू! — आणि मग, "रागावू नका, पण दुपारभर डोक्यावर कुणी मुसळ आपटतंय असं वाटतं. एखादं जाड कार्पेट टाका ना."

हो म्हटलं. चहा घेतेस का, विचारलं. ती गेल्यावर दार लावलं आणि तिथेच उभी राहिले.

तिला कसं सांगू, की त्या मुसळाच्या जिवावर मी जगतेय?

५ फेब्रुवारी

लिहूनच काढते.

ऑक्टोबरातल्या त्या दुपारी घर शांत होतं. माझी लेक ठकी तिच्या खोलीत, मी माझ्या, भाषांतराचं काम घेऊन. म्हटलं, परीक्षेचा शीण आहे, झोपली असेल, झोपू दे. किती बरं वाटलं होतं त्या शांततेत! काम भराभर उरकलं. मग चहाला हाक मारली. मग पुन्हा मारली.

वाचली. एकोणीस वर्षांची माझी पोर, वाचली. तिचे बाबा जहाजावर, रविवारी फोन करतात आणि "कशी आहे?" एवढंच विचारतात. डॉक्टरीणबाई म्हणतात सुधारतेय. औषधं वेळेवर द्या, पण सारखं पाळतीवर राहू नका.

पाळतीवर कुठे राहते? नुसती ऐकते.

दवाखान्यातून आल्यापासून ती चालते खूप. खोलीतून हॉलच्या खिडकीशी, तिथून परत. धप धप धप. लहानपणी मांजराच्या पावलांची होती. मागे येऊन कधी उभी राहिली ते कळायचं नाही, दचकवायची मला. आता पाय जड पडतात. औषधांमुळे असेल. पण पडतायत तोवर ती आहे. थांबले की माझे हात कीबोर्डवरून आपोआप उचलले जातात. पुन्हा वाजले की श्वास.

आणि यावर म्हणे जाड कार्पेट टाका!

६ फेब्रुवारी

धाकट्या बहिणीला फोन केला. "ताई, अगं गालिचाच घ्यायचाय ना? घर बदलत असल्यासारखी काय रडतेस?"

रडत नव्हते. थोडीशी.

८ फेब्रुवारी

गालिच्यांच्या दुकानात एकटीच गेले. दुकानदार बोलघेवडा. घरात कोण कोण, कुत्रं-मांजर आहे का, ऊन कुठून येतं, सगळं विचारून घेतलं. मग एकेक नमुना जमिनीवर पसरून त्यावर किल्ल्यांचा जुडगा टाकून दाखवायला लागला.

"हा लोकरीचा. जाड. खाली फोमचं अस्तर. बघा — आवाज मेला की नाही?"

त्या शब्दानेच मी मागे सरकले. म्हटलं, याहून पातळ?

नायलॉनचा काढला. जुडगा टाकला. थप्प.

"आणखी पातळ?"

"बाई, गिऱ्हाइकं इथे आवाज मारायला येतात. तुम्हाला काय तो जगवायचाय?"

मी हसायला गेले, पण ओठ थरथरले. तो बावरला बिचारा. घाईघाईने म्हणाला, "मग काथ्याचा घ्या. त्यावर मुंगी चालली तरी कळेल."

काथ्याचा आणि लोकरीचा, दोन्ही नमुने घरी घेऊन आले. लोकरीचा आपला उगाच. मी काथ्याच घेणार.

९ फेब्रुवारी

नमुने बाहेर हॉलमध्ये पसरले. माझ्या खोलीच्या दारातून त्यांच्यावर चमचा टाकून बघितला. काथ्यावर छान वाजला. लोकरीवर — नुसतं काहीच नाही. पडला की नाही हेसुद्धा बघावं लागलं.

ठकी येऊन उभी. "आई, चमचे का फेकतेयस?"

"पडला."

"तीनदा?"

मग स्वतःच अनवाणी काथ्यावर चढली आणि उडी मारून उतरली. "आई गं! हे पायपुसणं आहे!"

"टिकाऊ असतो तो."

"आपल्याला राहायचंय त्यावर, ट्रक न्यायचे नाहीयेत."

लोकरीवर गेली. डोळे मिटून उभी राहिली, पायाची बोटं त्यात खुपसून. किती वेळ. "हाच घेऊ. शेवाळी रंगाचा. सगळीकडे टाकू. माझ्या खोलीतही."

मला नाही म्हणता आलं नाही. इतक्या महिन्यांत तिने पहिल्यांदा काही मागितलं, आणि मागितलं ते हे.

तिला आवाज का नकोय?

१० फेब्रुवारी

का नकोय?

१२ फेब्रुवारी

ती बाथरूममध्ये. पाण्याचा आवाज थांबला. मी दारावर टकटक.

"टॉवेल हवाय का?"

"आहे."

"साबण?"

"आई."

मी तिथून हलले, पण स्वयंपाकघरापर्यंतच. औषधांचं कपाट कुलपात, किल्ली माझ्या गळ्यात. तरी सारखी चाचपते.

नंतर गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. टाचा लालभडक! म्हटलं हे काय? "चालून," म्हणाली आणि पुस्तकात डोकं घातलं.

दुकानदाराला फोन करून लोकरीची ऑर्डर रद्द करावी का? काय कारण सांगू? आणि तिला काय सांगू?

नाही केला.

१४ फेब्रुवारी

सकाळी दोन माणसं येऊन गालिचा टाकून गेली. सुंदर दिसतोय. शेवाळावर ऊन पडल्यासारखा.

जेवणं झाली. ती तिच्या खोलीत गेली, मी माझ्या. एक ओळ लिहिली. मग काहीच ऐकू येईना. काहीच! खुर्ची नाही, पाऊल नाही. ऑक्टोबरातलीच दुपार, तशीच, तेच ऊन. डॉक्टरीणबाईंचं सगळं शहाणपण गेलं उडत — धावत जाऊन तिचं दार ढकललं.

पलंगावर बसून टाचांना क्रीम लावत होती.

तोंडातून निघूनच गेलं. "खरं सांग मला. एवढा जाड का हवा होता? मला ऐकू येऊ नये म्हणून?"

तिने एक टाच वळवून मला दाखवली.

"टाचा दुखतात गं आई."

मला कळेना.

"मुद्दाम आपटत चालायचे मी. घरी आले त्याच दिवशी लक्षात आलं. मी थांबले की तुझं टाइपिंग थांबायचं. मी चालले की सुरू. म्हटलं, आईचं काम तर झालं पाहिजे." आणि मग हसली. "खालच्या बिचारीला मात्र उगाच शिक्षा."

मी खाली गालिच्यावर बसले. क्रीम घेतलं तिच्या हातातून. टाचांना लावायला घेतलं.

१५ फेब्रुवारी

झोप नाही. म्हणजे त्या धपधपीतून मला तिचं काहीच कळत नव्हतं. ती बरी होती की आत बुडत होती, काही नाही! तो नुसता खुळखुळा होता. रडणाऱ्या बाळाच्या हातात द्यावा तसा माझ्या लेकीने माझ्या हातात दिलेला. आणि मी तो ऐकत निश्चिंत बसायचे. लाज वाटली. त्याहून जास्त भीती. जिच्या पायात त्राण नव्हतं तिने मला सांभाळायचं?

आज विचारलं तिला, आता मी काय ऐकू?

"हाक मार ना."

हाक मारायचीच तर भीती वाटते, बाळा. तिला हे सांगितलं नाही. इथेच लिहिते.

१६ फेब्रुवारी

जिन्यात नर्स भेटली. "काकू, काय झोप लागली! मेल्यासारखी झोपले." लोक किती सहज बोलतात.

आज दोनदा हाक मारली ठकीला. दोन्ही वेळा "ओ" आली. मध्ये जो क्षण जातो तो जीवघेणा.

१९ फेब्रुवारी

दुपारी माझा डोळा लागला. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच, एवढा गाढ. जाग आली, दार उघडलं, तर ठकी बाहेर गालिच्यावर, भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. चेहरा पांढराफटक. हात धरले तर गार.

"तुझा काही आवाजच येईना," म्हणाली. "दोनदा हाक मारली मी, आई. आत यायची भीती वाटली."